पाणी चालू आहे, साहेब

रेघेमास्तरांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती, आणि हे ते कुणालाही, कधीही, न विचारता सांगत. दगड कापायच्या करवतीवर एकवीस वर्षं काढलेल्या माणसाच्या दृष्टीनं ही लहानसहान गोष्ट नव्हे. त्यांच्या बरोबरीच्या तिघांनी मिळून साडेतीन बोटं गमावली होती. त्यातलं ते अर्धं नेमकं कुणाचं, यावर जेवणाच्या सुट्टीत अजून वाद व्हायचा. नवा माणूस कामावर आला की मास्तर दोन्ही पंजे त्याच्या नाकासमोर पसरत आणि म्हणत, "मोज."

रेघेमास्तर हे नाव त्यांना कामावरच्या लोकांनी दिलेलं. दगडावर पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढायची आणि पातं त्या रेघेवरून असं न्यायचं, की कापल्यावर अर्धी रेघ या तुकड्यावर आणि अर्धी त्या तुकड्यावर राहिली पाहिजे, ही त्यांची ख्याती. पायऱ्या, खिडक्यांचे उंबरे, भिंतीवर चढवायचे दगड, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं होतं.

सकाळी आल्याआल्या ते करवतीला हात लावत नसत. आधी वायर. टेबलापासून भिंतीतल्या प्लगपर्यंत ती चालत जाऊन तपासायची, कुठे सोललीय का, कुठे पाण्यात पडलीय का. मग प्लग काढलेलाच आहे ना हे दोनदा बघून पात्याकडे वळायचं. डायमंडचं पातं म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात, पण त्यातला हिरा म्हणजे कडेच्या तुकड्यांत मिसळलेली भुकटी. अंगठीत बसवण्यासारखं त्यातून काही निघत नाही, हेही ते नव्या माणसाला लगेच सांगून त्याचा विरस करत. कडेचा एखादा तुकडा सैल झालाय का, चकतीला चीर गेलीय का, पात्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेनंच आहे का, मधला नट घट्ट आहे का, हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचं. मग पात्यावरचं गार्डचं झाकण खाली, डोळ्यांवर चष्मा, कानांवर टोप्या. बटण दाबल्यावर पातं पूर्ण वेगात येईपर्यंत दगड पुढे सरकवायचा नाही. सरकवताना रेटायचा नाही, तिरका तर मुळीच धरायचा नाही. "घाई असेल तर घरी जा, इथं घाईला कामावर ठेवलेलं नाही," असं ते म्हणत.

आणि हे सगळं झाल्यावर ते पाण्याचा नळ बंद करत.

टेबलाखाली पाण्याची पसरट टाकी असते, तिच्यात एक छोटा पंप, आणि पंपापासून निघालेली नळी पात्याच्या दोन्ही बाजूंना पाणी सोडते. त्यानं पातं थंड राहतं आणि दगडाची धूळ उडायच्या आत चिखल होऊन खाली बसते. करवत बनवणाऱ्यानं उगाच हौस म्हणून ती नळी लावलेली नसते, हे मास्तरांनाही कळत होतं. पण पाणी सोडलं की राखाडी गाळ दगडावर पसरायचा आणि पेन्सिलीची रेघ त्याखाली बुडायची. रेघ दिसली नाही तर रेघेमास्तर कसले? त्यांनी कोरडं चालणारं पातं मागवून घेतलं आणि नळ पिळून टाकला. पहिल्या दिवशी एका पायरीपुरता. मग आठवडाभर. मग अकरा वर्षं.

नळाला तोंड फुटायचं ते एकाच वेळी. सेफ्टीवाले साहेब फाटकातून आत आले की वॉचमन शिट्टी वाजवायचा. शिट्टी ऐकताच मास्तरांचा हात आपोआप नळाकडे जायचा आणि साहेब टेबलापाशी येईस्तोवर करवत ओलीचिंब झालेली असायची. "काय मास्तर, सगळं ठीक?" "पाणी चालू आहे, साहेब." साहेब खूण करून पुढे जायचे, नळ पुन्हा बंद. अकरा वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की पांढऱ्या शर्टातलं कुणीही समोर आलं तरी तेच बाहेर पडलं असतं.

आता, पातं फिरतं ते धूळ मागं फेकत. पुढे उभा राहून दगड सरकवणाऱ्याच्या तोंडावर ती थोडीच येते. सगळा लोट जातो टेबलाच्या पलीकडे, कापलेला तुकडा झेलणाऱ्याकडे. आणि तिथं उभा असायचा दाजी.

दाजी म्हणजे मास्तरांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मास्तर त्याला दाजी म्हणायचे म्हणून सगळं आवारच दाजी म्हणायला लागलं. त्यात त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे गवंडीही होते. तो ज्या दुकानात कामाला होता ते बंद पडलं, तेव्हा मास्तरांनीच मुकादमाकडे शब्द टाकला. बहिणीला सांगितलं, "माझ्या समोर उभा राहील. डोळ्यांसमोर असेल. करवतीला हात लावू देणार नाही, नुसती उचल-ठेव." धाकटीनं सुटकेचा निःश्वास सोडला होता. तिला भीती होती ती बोटांची.

दाजी मोठा गमत्या माणूस. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर त्या लोटात उभा राहायचा आणि संध्याकाळी केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं घेऊन नळावर यायचा. "चला, आज पण पीठ दळून झालं," म्हणायचा. कधी म्हणायचा, "मास्तर, मी तुमच्यापेक्षा लहान, पण म्हातारा आधी झालो बघा." सगळे हसायचे. मास्तर सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. कामावर तो त्यांना मास्तर म्हणायचा आणि घरी दादा; यात त्याची कधी चूक व्हायची नाही.

मग दाजीला खोकला लागला. आधी सगळ्यांनी दुर्लक्ष केलं, कारण दगडाच्या कामावर खोकत नाही असा माणूस सापडणं अवघड. पण जिना चढताना तो मध्येच थांबायला लागला, पँट कमरेवर थांबेना, आणि एक दिवस साधा उंबऱ्याचा दगड झेलताना खाली बसला. मास्तर स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

छातीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होता, बाहेर बाकावर तीसेक माणसं खोळंबली होती. फोटो उजेडासमोर धरून त्यानं विचारलं, "काम काय करता?"

"साइटवर. उचल-ठेव," दाजी म्हणाला.

"धुळीचं काम आहे का? दगड वगैरे कापणं?"

दाजीनं तोंड उघडलं. पण डॉक्टरच्या अंगात पांढरा कोट होता, आणि मास्तरांची जीभ त्याच्या आधी हलली.

"दगड कापतो आम्ही. पण पाणी चालू असतं, साहेब. धूळ उडतच नाही."

दाजीनं त्यांच्याकडे पाहिलं. उघडलेलं तोंड मिटलं. डॉक्टरनं कागदावर काहीतरी खोडलं. "मग टीबीच धरून चालू," म्हणाला, आणि गोळ्या लिहून दिल्या. बेडक्यात जंतू सापडले नव्हते, पण तसं कधीकधी होतं म्हणाला.

जिना उतरताना वाक्य मागं घेता आलं असतं. अवघ्या सोळा पायऱ्या होत्या, वर जाऊन दार ढकलायचं आणि सांगायचं. मास्तर फाटकापर्यंत गेले, दाजीला पाणी पाजलं, बसमध्ये खिडकीची जागा मिळवून दिली. स्वतःची समजूत घातली, की डॉक्टर शिकलेला माणूस आहे, फोटोत दिसलं ते दिसलं, आपल्या बोलण्यानं फोटो थोडाच बदलतो. मनाच्या तळाशी मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं, की आपण करवत वाचवली, दाजीला नाही. कोरडं कापतात हे बाहेर कळलं असतं तर त्यांना टेबलावरून उठवलं असतं, आणि टेबलाशिवाय रेघेमास्तर म्हणजे कोण, याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं.

टीबी म्हटल्यावर धाकटी घाबरली. तिची मुलगी आठ वर्षांची, अंगानं काडी; सगळे तिला चिमणीच म्हणायचे. डॉक्टर म्हणाला होता, की थोडे दिवस सांभाळा. धाकटीनं सांभाळायचं म्हणजे सांभाळलंच. दाजीचं अंथरूण पुढच्या अरुंद खोलीत गेलं. त्याचं ताट वेगळं, चमचा वेगळा, टॉवेल वेगळ्या खिळ्यावर. सगळे कप सारखे होते म्हणून तिनं एकाच्या कानाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. तो कप बाकीच्यांबरोबर आकड्याला लटकत नसे, खिडकीत एकटा पालथा असे. आणि चिमणीनं बाबांच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही असं ठरलं. थोड्या दिवसांचे महिने झाले, तरी धाकटीची भीती काही उतरली नाही.

मास्तर दर रविवारी जायचे. तेच दृश्य असायचं. चिमणी उंबऱ्यापाशी बसून वहीतलं चित्र वर धरायची आणि दाजी पलंगावरून मान लांब करून बघायचा. "हे काय, हत्ती?" "बाबा, घर आहे!" "घराला सोंड?" "ती चिमणी आहे, धुराची!" पोर हसायची, दाजी हसायला जायचा आणि खोकल्यानं वाकायचा. मग आतून धाकटी ओरडायची, "चिमणे, मागं सर!"

"आणि ओढा सिगारेटी," ती नवऱ्याला म्हणायची. "दोन दोन पाकिटं फुंकलीत. आता भोगतोय आम्ही सगळे." दाजी दिवसाला दोन सिगारेटी ओढायचा, पाकिटं नव्हे. त्याही त्यानं पहिल्या गोळीबरोबर सोडल्या. पण खापर फोडायला काहीतरी लागतं. एकदा तिनं भावालाच मध्ये ओढलं. "दादा, तू तरी सांग ना यांना. तू तर दिवसभर बरोबर असायचास."

मास्तर चहाच्या कपात बघत म्हणाले, "हो. सिगारेट वाईटच."

घरी परतताना त्यांनी बसच्या खांबाला डोकं टेकलं. आपण किती हलके आहोत हे त्यांना कळत होतं. माणूस खोटं एकदाच बोलतो असं त्यांना वाटायचं. इथं ते दर रविवारी नव्यानं बोलावं लागत होतं, बहुतेक वेळा तोंडही न उघडता.

गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, तोंडाची चव जायची, पण दम काही भरेना. सहा महिने झाले. डॉक्टर म्हणाला, "या गोळ्या लागू पडत नाहीत. पुढच्या मंगळवारी या. जोरातलं औषध सुरू करू, इंजेक्शनं. त्रास होईल, कानावर परिणाम होऊ शकतो. पण इलाज नाही."

त्याच आठवड्यात कामावर नवी सेफ्टीवाली बाई आली. जुने साहेब निवृत्त झाले होते. ही वयानं मास्तरांच्या मुलीएवढी असती, मास्तरांना मुलगी असती तर. ती आवारात दिसल्यावर वॉचमननं घाईनं शिट्टी वाजवली, मास्तरांनी नळ सोडला; पण ही फाटकातून आली नव्हती, ती मागच्या पत्र्याच्या दारातून येऊन दोन मिनिटं टेबलामागं उभी होती. तिच्या बुटांवर पांढरा थर बसला होता.

"पाणी चालू आहे, मॅडम," मास्तर म्हणाले. जीभ काय, ती सवयीची गुलाम.

"आत्ता झालं," ती म्हणाली. चिडली नाही, हेच जास्त लागलं. "बंद का असतं, ते सांगा. खरं कारण सांगा, मला शिकायचंय."

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मास्तरांनी तिला रेघ दाखवली, नळ सोडला, आणि गाळात रेघ कशी बुडते ते दाखवलं. "पाण्यात कापायचं तर आंधळ्यासारखं कापावं लागतं," म्हणाले. बोलताना त्यांना जरा बरंही वाटलं. एवढं बिनतोड कारण आपल्यापाशी आहे, हे पुन्हा एकदा त्यांचं त्यांनाच पटलं.

बाईनं बॅगेतून एक पिवळा खडू काढला. बोटभर लांब, कागद अर्धा फाटलेला, मेणाचा. तिनं पट्टी लावून दगडावर रेघ ओढली. "सोडा पाणी."

मास्तरांनी पाणी सोडलं. बटण दाबलं, पातं वेगात येऊ दिलं, दगड पुढे सरकवला. राखाडी गाळ पसरला, वाहिला, आणि मेणावरून घसरून बाजूला गेला. रेघ तशीच्या तशी. पिवळी धमक. पातं तिच्यावरून गेलं, आणि करवत थांबवून त्यांनी दोन तुकडे वेगळे केले, तेव्हा अर्धी रेघ या तुकड्यावर होती आणि अर्धी त्या. पलीकडे झेलायला उभा असलेल्या माणसाच्या अंगावर चार शिंतोडे उडाले होते. तो खोकलाही नाही.

"हा कुठे मिळतो?" मास्तरांनी विचारलं. आवाज आपला नाही असं त्यांना वाटलं.

"मेणाचा खडू हो. कुठेही मिळतो. शाळेतल्या पोरांच्या दप्तरात असतो."

मास्तरांनी प्लग काढला, तेवढं भान होतं, आणि दगडाच्या ढिगावर बसले. असले खडू त्यांनी स्वतः विकत आणले होते. चोवीस रंगांची पेटी, चिमणीच्या मागच्या वाढदिवसाला. दुकानदारानं एक खडू वहीवर घासून, वर पाणी शिंपडून दाखवलं होतं, की बघा, पुसला जात नाही. आणि ते म्हणाले होते, "वा, छान आहे." पेटी बांधून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर येऊन नळ बंद केला. त्या पेटीतला एक पिवळा खडू. एवढ्यावरून एका माणसाची छाती गेली. दाजी दिवसभर ज्या धुळीत उभा होता, तिला कारणच नव्हतं. आजवर त्यांनी मनाला समजावलं होतं, की कामाची गरज होती. गरज नव्हती. नुसता आळस होता, आणि मिजास.

मंगळवारी ते दवाखान्यात गेले. दाजी आणि धाकटी आधीच येऊन बसले होते, दोघांच्या मध्ये एक जागा सोडून. मास्तर त्या जागेत बसले नाहीत, उभेच राहिले. आत बोलावल्यावर डॉक्टरनं नव्या औषधाचा कागद पुढे ओढला.

"डॉक्टर, थांबा," मास्तर म्हणाले. "मागं मी खोटं बोललो. पाणी बंद असतं. अकरा वर्षं बंदच आहे. मी बंद करतो. सगळी धूळ यांच्या अंगावर जायची. हे समोर उभे असायचे. मीच उभं केलंय."

डॉक्टरचं पेन थांबलं. "दिवसाला किती तास?"

"आठ. कधी दहा."

"किती वर्षं?"

"यांची सात."

डॉक्टरनं सगळे जुने फोटो पाकिटांतून काढून एका ओळीत उजेडावर लावले आणि बराच वेळ बघत राहिला. मग खुर्चीत मागं टेकला. "हे तुम्ही सहा महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाला. तो ओरडला असता तर मास्तरांना चाललं असतं. जोरातलं औषध त्यानं थांबवलं. छातीची मोठी तपासणी लिहून दिली, एका मोठ्या डॉक्टरांना फोन केला. मास्तरांचाही फोटो काढून घ्या म्हणाला.

दोन आठवड्यांनी सगळं हातात आलं. टीबी नव्हता. दगडाची धूळ छातीत बसून तिथं गाठी झाल्या होत्या. जे गेलं ते परत येणार नाही, पण धुळीपासून लांब राहिलं, जपलं, तर उरलेलं टिकवता येईल, असं मोठे डॉक्टर म्हणाले. मास्तरांचा फोटो जवळजवळ स्वच्छ निघाला. तो पाकिटात परत घालताना त्यांना कुणी चोरीचा माल हातात दिल्यासारखं वाटलं.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "म्हणजे हे एकाचं दुसऱ्याला होत नाही?"

"धूळ कशी लागेल एकाची दुसऱ्याला?" डॉक्टर म्हणाले. "नाही होत."

"पोरीला?"

"नाही."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

त्या दिवशी बसस्टॉपवर धाकटी तिकिटाचे सुटे आणायला गेली, तेव्हा मास्तर आणि दाजी दोघंच उरले. मास्तरांनी हात जोडले. काय बोलायचं ते चार रात्री घोकलं होतं, पण वेळेवर एवढंच आलं, "दाजी, तुम्ही का नाही बोललात? त्या दिवशी, डॉक्टरसमोर. तुम्हाला माहीत होतं."

दाजी दम खात म्हणाला, "तुम्ही मला कामाला लावलंत. मी तुमच्या तोंडावर तुम्हाला खोटं पाडू? म्हटलं, असेल त्यांचं काही." मग थोडं थांबून म्हणाला, "त्याचा राग नाही. छातीचाही नाही. धूळ मला दिसत होती, मी काय आंधळा नव्हतो. सात वर्षं रुमाल बांधून हसत उभा राहिलो, तो माझाही मूर्खपणा."

मास्तरांना वाटलं, सुटलो.

"पण पोर सहा महिने उंबऱ्यावर बसली, मास्तर," दाजी म्हणाला. कामावर नव्हते ते, तरी मास्तर म्हणाला. "तुम्ही दर रविवारी यायचात. खुर्चीत बसून बघायचात. तुम्हाला माहीत होतं धूळ आहे म्हणून. एकदा तरी म्हणायचंत, जाऊ दे तिला आत."

बस आली, धाकटी आली, तिघं चढले. दाजीला खिडकी मिळाली.

मास्तरांनी कामावरही सगळं सांगितलं, शिट्टीसकट. सेफ्टीवाल्या बाईनं लिहून घेतलं आणि त्यांना टेबलावरून काढलं; निदान सध्या तरी. आता दुसरा माणूस पिवळ्या रेघेवर ओलं कापतो आणि मास्तर पलीकडे उभे राहून तुकडे झेलतात. हे त्यांनी स्वतःच मागून घेतलं. संध्याकाळी कपडे चिखलानं बरबटतात, पण भुवया काळ्याच राहतात. कुणी पंजे दाखवा म्हणत नाही, आणि तेही दाखवत नाहीत.

रविवार आला. जावं की नाही या विचारात मास्तरांनी दोन बस सोडल्या आणि तिसरीत चढले.

दार चिमणीनं उघडलं. पुढच्या खोलीत अंथरुणाची वळकटी बांधून ठेवलेली होती, आत न्यायला. टॉवेलही खिळ्यावर नव्हता. दाजी खुर्चीत बसला होता, आणि दार उघडून चिमणी धावत गेली ती थेट त्याच्या मांडीवर. दाजीला हात कुठे ठेवावेत ते कळेना. इतक्या दिवसांची सवय, हात आपोआप मागं जात होते; मग त्यानं एक हात हळूच तिच्या पाठीवर ठेवला. पोर खडूंची पेटी उघडून बाबांच्याच गुडघ्यावर वही ठेवून रंगवायला लागली. पिवळा खडू झिजून नखाएवढा उरला होता.

मास्तर त्यांच्या नेहमीच्या जागी बसले. "या, दादा," दाजी म्हणाला. दादा म्हणाला, याचा मास्तरांना इतका आधार वाटला, की त्यांना रडू आवरावं लागलं. आतून स्टोव्हचा आवाज येत होता. धाकटी बाहेर आली नाही.

थोड्या वेळानं ती ट्रे घेऊन आली. आकड्यावरच्या कपांपैकी एक तिनं नवऱ्याच्या हातात दिला. एक स्वतःसाठी बाजूला ठेवला. चिमणीला दुधाचा पेला. मग उरलेला कप तिनं भावासमोर धरला. त्याच्या कानावर लाल ठिपका होता.

चिमणीनं वहीतून मान वर केली. "आई, तो बाबांचा कप आहे ना?"

"आता मामाचा," धाकटी म्हणाली, आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

दाजी खाली वहीकडे बघत राहिला. मास्तरांनी कप घेतला, दोन्ही हातांत धरला आणि चहा प्यायले. साखर त्यांना लागते तेवढीच होती.